बाईंच्या मुठीतले चिंचोके

१४ नोव्हेंबर

ही डायरी मागच्या वर्षाची आहे. कळमन्याला संत्र्याच्या आडतीवर कामाला होतो तेव्हा दिवाळीत मिळाली होती, तशीच कोरी राहिली. म्हणून छापलेल्या वारांवर जाऊ नये. तारखा मी नीट टाकीन. टाकायचा विचार तरी आहे.

नवीन काम लागलं. काम काय, तर कादंबऱ्या वाचायच्या, मोठ्याने.

झालं असं. सीताबर्डीवर मोबाइलची कव्हरं विकून राहिलो होतो. एक बाई आल्या, साठीच्या बऱ्याच पुढच्या, सुती साडी, केस एकदम पांढरे. म्हणाल्या, भिंग आहे का? होतं. दिलं. म्हणाल्या, "डब्यावर काय लिहिलंय ते वाच." दोनच ओळी होत्या, त्या वाचल्या. पण बाई मान तिरपी करून अशा ऐकत उभ्या, की दोन ओळींवर थांबणं बरं वाटेना. म्हटलं, "अन् पुढे लिहिलं आहे, पुनवेच्या रात्री गच्चीवरून पाहिलं तं चंद्रावरच्या विहिरी दिसते."

"पाणी किती आहे विहिरींना?"

"ते नाही लिहिलं."

बाई हसल्या. भिंग घेतलं. म्हणाल्या, "मराठी पुस्तकंही असाच वाचतोस का?" मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला सोडलं, त्यानंतर पुस्तक हातात धरलं नव्हतं. म्हटलं, "हाव, असाच वाचतो."

नाव चारुशीलाबाई. कॉलेजात इतिहास शिकवायच्या. धंतोलीत दुसऱ्या माळ्यावर एकट्या राहतात. एका पेपरात दर रविवारी नव्या कादंबऱ्यांवर लिहितात आणि पाचातून तारे देतात. जादूच्या कादंबऱ्या आणि ऐतिहासिक. हल्ली त्याच गठ्ठ्याने येतात म्हणे. डॉक्टरांनी डोळ्यांना आराम सांगितला आहे, तोवर मी वाचायचं. उन्हाळ्यानंतर स्वतः वाचतील.

१८ नोव्हेंबर

बाईंच्या एकेक सवयी. चहा ओतताना कपात बोट धरून ओततात, चटका बसतो तरी. मोठ्या घरच्या रीती असतील. बोलताना माझ्याकडे पाहत नाहीत, माझ्या कानाच्या बाजूला पाहतात. मला वाटलं मागे भिंतीवर पाल आहे. दोनदा वळून पाहिलं.

तारे द्यायची पद्धत अशी. वाचन सुरू झालं की बाई पाच चिंचोके मुठीत घेतात. चिंचेच्या झाडाखाली पडलेले, साधे, काळे, गुळगुळीत. पुस्तकात मन लागेनासं झालं की एक सोडतात. समोर पितळेची वाटी असते. टुक. शेवटी मुठीत उरतील तेवढे तारे. "लेखकाने मला पाच दिलेले असतात," म्हणाल्या, "मी कुणाला काही देत नाही. घालवायचं काम त्याचं."

त्या टुकचा मला एवढा धसका बसला आहे की काय सांगू. वाटतं माझ्याच हातून काहीतरी पडलं.

१९ नोव्हेंबर

पुस्तक नाही. मेट्रोत बसून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन आलो. वरून गच्च्या पाहायला मजा येते. एका गच्चीवर एक माणूस कूलरला साबणाने आंघोळ घालत होता.

२६ नोव्हेंबर

आज एक गोष्ट झाली. ती इथेच लिहितो, दुसरीकडे नाही.

मुंबईच्या लेखकाची जाड कादंबरी चालू आहे. ढगांवर वसलेलं शहर, सोन्याचे उंबरठे असलेलं. सुरुवात बरी होती. मग राजा आणि प्रधान वाऱ्यावरच्या करावर बोलायला बसले ते उठेचनात. टुक. मी पान उलटलं. प्रधानच बोलत होता. आणखी एक पान. राजा म्हणाला, "तुझं म्हणणं विचार करण्याजोगं आहे." टुक.

तिसऱ्याचा आवाज ऐकायची माझी तयारी नव्हती. नजर पुस्तकावरच ठेवली आणि तोंडातून निघालं, "त्या शहराच्या मागल्या दाराशी पहाटे संत्र्यांचा बाजार भरे."

मग ते निघतच गेलं. ढगावर गाड्या लागल्या आहेत, ढिगारे पडले आहेत, अडत्या बोली पुकारतो आहे. सगळं कळमन्याचंच, फक्त खाली जमीन नाही. तिथल्या प्रत्येक संत्र्यात एकेक संध्याकाळ असते. वेळेआधी सोललं तर तेवढी संध्याकाळ बाहेर पडते. एक मुलगी हमालांची नजर चुकवून एक संत्रं सोलते. भर सकाळी सगळ्या शहरावर तिन्हीसांज होते. पाखरं घरी परततात. खालच्या वस्तीत तिची आई दिवा लावते आणि पोरगी अजून कशी आली नाही म्हणून दारात येऊन बसते. मुलगी इकडे ढिगाऱ्याआड बसून एकेक साल परत चिकटवायला पाहते आहे.

वाटीचा आवाज आला नाही. बाईंची मूठ अशी घट्ट, की बोटांची पेरं पांढरी झाली.

"परत वाच ते," म्हणाल्या.

परत वाचलं. दुसऱ्या वेळी मुलीसोबत एक लहान भाऊ आला, कुठून आला कोणास ठाऊक.

"मघाशी भाऊ नव्हता."

"मघाशी ओळ सुटली बाई."

"हं," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मुंबईच्या माणसाला कळमन्याचं बरंच माहीत आहे. आणि या पुस्तकाची पानं फार मोठी आहेत नाही?"

म्हटलं, "नाही बाई, साधाच आकार आहे."

१ डिसेंबर

आई म्हणते, "पुस्तक वाचायचे पैसे देते ते बाई? तिले सोताले दिसत नाही का?"

म्हटलं, आई, डॉक्टरांनी आराम सांगितला आहे.

"आराम," म्हणाली आई आणि साडीला फॉल लावत राहिली. आईला या लोकांचं काही कळत नाही. आमच्या घरी आजोबांपर्यंत हातमाग होते. आईच्या हाती आता पिकोची मशीन आहे. माझ्या हाती काय आहे ते आई रोज विचारते.

८ डिसेंबर, रविवार (खरा रविवार)

पेपरात आलं. ढगांच्या कादंबरीला चार तारे! बाईंनी लिहिलं आहे, "राजा-प्रधानांची प्रकरणं वाऱ्यावर सोडून द्यावीत. पण संध्याकाळ सोलणाऱ्या मुलीसाठी हे पुस्तक हाती घ्यावं. एवढं कोवळं काही मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नाही."

बर्डीच्या चौकात उभ्यानेच वाचलं. मग पेपर घडी करून खिशात ठेवला आणि बस सोडून पायीच निघालो, कुठे ते ठरवलं नव्हतं. अंबाझरीला पोचलो. पाण्यावर धुकं होतं. वाटलं मागल्या दाराशी गाड्या लागल्या असतील.

मुठीत तीनच उरायला हवे होते, हे रात्री आठवलं. बाईंनी एक परत उचलला असेल.

११ डिसेंबर

मी असतानाच त्या लेखकांचा फोन आला. बाईंनी आवाज मोठा ठेवला होता. लेखक म्हणाले, आपण नेमकं मर्म पकडलं. त्या मुलीचं प्रकरण लिहिताना माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं.

बाईंनी फोन ठेवला. पदर तोंडाला लावून बराच वेळ हलत होत्या. मला वाटलं रडतात की काय. पाणी आणून दिलं.

१७ डिसेंबर

नवा गठ्ठा आला. बेल वाजली की बाई मुलीसारख्या दाराकडे जातात, भिंतीला हात लावत लावत. गठ्ठा फोडतात, पुस्तकं नाकाशी नेतात. आज म्हणाल्या, "कॉलेज सुटलं, हे गेले. हा रविवार तेवढा राहिला. तो आहे म्हणून बेल वाजते, प्रज्वल. नाहीतर या जिन्यावर कोण चढतं?"

गठ्ठ्यात एक ऐतिहासिक आहे, कुहीच्या कुणी उत्तराताईंनी स्वतः छापलेली. भोसल्यांच्या काळची रुख्मा नावाची बाई गावासाठी तळं खोदवते. कागद जाडाभरडा, अक्षर बारीक.

२० डिसेंबर

रुख्माचं तळं खोदणं चालू आहे. माती, माती, माती. माझा मित्र वैभव टेम्पो चालवतो. आज दुपारी रामटेककडे माल घेऊन चालला होता, म्हणाला, "येतो काय बे? खिंडशीवर जेवू." खाली उभा राहून हॉर्न मारत होता. मी इकडे रुख्मासोबत मुरूम उपसतो आहे. बाईंनी एक चिंचोका सोडला होता, तोही हॉर्नमुळे असेल.

मी अंगठ्याने पानांची चळत धरली आणि एकदम उलटली. शेवटाजवळ उतरलो. तळं भरलेलं होतं. वाचून टाकलं. टुक. टुक.

"रुख्मा कुठे गेली?" बाईंनी विचारलं.

"तिचं पुढे नाही आलं बाई."

खिंडशी तलावाचं पाणी छान निळं होतं. वैभवने वांग्याची भाजी सांडवली.

२९ डिसेंबर

दोन तारे. "ज्या बाईने तळं खोदलं तिला लेखिकेने अर्ध्या वाटेवर सोडून दिलं. पात्रावर एवढा अन्याय मी सहसा पाहिला नाही."

पेपर आज खिशात ठेवला नाही. पुस्तक तसंही जाडच होतं.

३ जानेवारी

सगळं लिहायला पाहिजे.

दुपारी बेल वाजली. पार्सल नव्हतं. चाळिशीच्या एक ताई, खांद्याला कापडी पिशवी, कुहीहून बसने आलेल्या. त्याच उत्तराताई. तहसील ऑफिसात कारकून आहेत. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

"बाई, मी भांडायले नाही आली," म्हणाल्या. "पुस्तक वाईट आहे म्हणा, मंजूर आहे. माती जास्त झाली म्हणा. पण रुख्माले मी सोडलं? तळ्यात पाणी तेच सोडते. पोराचं मढं झाकून ठेवून येते ते, अन् आधी पाणी सोडते. ते लिहायले मले दोन वर्षं लागले. ऑफिसात आता सारे हासून राहिले, म्हणते, मॅडम, तुमच्या बाईले शोधायले पोलीस पाठवू काय?"

बाई माझ्या कानाकडे पाहत होत्या. "प्रज्वल, ते पान वाच."

पुस्तक ताईंनीच उघडून दिलं. वाचलं. पाणी सोडायचं पान. मी कधी पाहिलंच नव्हतं ते. अर्ध्यातच एका ओळीवर अडलो, आणि पानं मीच गाळली हे ताईंना माझ्याकडे पाहूनच समजलं.

बाई चहा ओतायला लागल्या, सवयीप्रमाणे बोट कपात. उत्तराताई पाहत राहिल्या. मग एकदम पुढे झाल्या. "द्या बाई, मी ओतते. भाजंन." त्यानंतर त्यांचा आवाज उतरला, पण राग काही गेला नाही. निघताना दारात म्हणाल्या, "मी कोणाले सांगणार नाही. पण पुस्तक पुरं होऊ द्या. तेवढं मांगते."

त्या गेल्या. बाईंनी विचारलं, "किती पानं?"

"मोजली नाही बाई. बोटाएवढी."

"करंगळीएवढी?"

"अंगठ्याएवढी."

बाईंनी मान हलवली. "आणि संत्र्यांचा बाजार?"

"तो त्या पुस्तकात नाही."

"ते मला त्याच दिवशी कळलं. एवढा वेळ वाचत होतास आणि पान एकदाही वाजलं नाही."

मी म्हटलं, "मग चार तारे काहून दिले?"

खाली भाजीवाल्याची गाडी येऊन गेली. "मला पुढचं ऐकायचं होतं," म्हणाल्या. "टोकलं असतं तर तू थांबला असतास. सोललेली संध्याकाळ दुसऱ्याच्या नावावर चढवली, लबाडी माझीच. घातलेलं मला ऐकू येतं रे. गाळलेलं ऐकू येत नाही, हे मात्र मी विसरले."

मी म्हटलं, उन्हाळ्यानंतर तुम्ही स्वतः वाचाल तेव्हा...

"उन्हाळ्यानंतरही नाही. मधलं सगळं गेलं आहे, कडेचं थोडं दिसतं. तुझा चेहरा मी अजून पाहिलेला नाही. कान पाहिला आहे. डावा."

आईला काही कळत नाही, असं मीच इथे लिहिलं होतं.

६ जानेवारी

रुख्मा पहिल्या पानापासून. एक शब्द घालायचा नाही, एक गाळायचा नाही. छपाईची चूक आली तर चुकीसकट. बाईंच्या मुठीत पाचही.

९ जानेवारी

मातीच्याच प्रकरणात आहोत. मागे मला कंटाळवाणी वाटली ती हीच माती. कोणत्या थरात कुदळ कशी वाजते ते लिहिलं आहे. बाई डोळे मिटून ऐकत होत्या, मधेच म्हणाल्या, "थांब, वाजू दे." दोघं गप्प बसलो. खरंच खालून कुठूनतरी ठक ठक आली. पाइपवाले खोदत असतील.

१४ जानेवारी

संक्रांत. सगळं नागपूर गच्चीवर, "ओ काट" ऐकून कान किटले. वैभवचे चार फोन. एक कटलेली पतंग बाल्कनीच्या कठड्यावर येऊन टेकली, लाल, शेपटी हलवत. हात लांबवला असता तर मिळाली असती. ओळीवर बोट ठेवून वाचत राहिलो. मान वर केली तोवर निघून गेली होती.

१६ जानेवारी

आज पुस्तक संपलं. पाण्याचं पान वाचताना बाईंनी माझा हात धरला होता. मुठीत पाच.

त्यानंतर शेवटचं एक लहान प्रकरण आहे. त्यात सगळं घाईत आवरलं आहे, वीस वर्षं दोन पानांत. वाचताना मला समजत होतं की हे उतरून राहिलं. एक वाक्य मनात तयारही झालं, मधल्या वर्षांचं, रुख्मा म्हातारपणी तळ्यावर येते आणि पाण्यात पाय सोडून बसते असं. एवढं टाकलं असतं तर सांधा बसला असता. आणि उत्तराताईंना पाच मिळाले असते. मी आधी त्यांचे घालवले होते.

नाही टाकलं. आहे तेवढंच वाचलं.

टुक.

"शेवट घाईचा," म्हणाल्या बाई. "चार. तिचे स्वतःचे."

१७ जानेवारी

बाईंनी सांगितलं आणि मी मोबाइलवर लिहिलं.

"मागच्या महिन्यात मी एका कादंबरीला दोन तारे दिले. ती मी पूर्ण ऐकली नव्हती. वाचली तर मुळीच नव्हती. गेल्या पावसाळ्यापासून मला अक्षरं दिसत नाहीत आणि हे मी वाचकांपासून लपवलं. तळ्यात पाणी रुख्माच सोडते. चार तारे. ढगांच्या कादंबरीला दिलेल्या चारांतले तीन मी परत घेते. संत्र्यांचा बाजार त्या पुस्तकात नाही."

मी विचारलं, "मग कोणाचा म्हणून लिहू?"

"ते लिहू नकोस. तो अजून पूर्ण कुठे झाला आहे?"

मग म्हणाल्या, वाचून दाखव. मी वाचून दाखवलं, त्यांनी सांगितलं तसंच्या तसं. पण पडद्यावर एका ठिकाणी मी वेगळं लिहिलं होतं. "अक्षरं दिसत नाहीत"च्या जागी "डोळे जरा थकले आहेत." लपवल्याचं वाक्यही लिहिलं नव्हतं. बेल वाजायची बंद होऊ नये म्हणून. त्यांना कधी कळलं असतं?

पाठवायच्या बटणावर अंगठा होता. तोच अंगठा.

पुसलं. त्यांचं होतं ते लिहिलं. पाठवलं.

"बरीच टकटक झाली," म्हणाल्या बाई.

"एक शब्द चुकला होता, नीट केला."

२८ जानेवारी

रविवारी छापून आलं. आज पेपरातून फोन होता. फार आदराने बोलले. आपली प्रकृती सांभाळा म्हणाले, तूर्तास दुसरे कुणी लिहितील. बाई "हो, हो, योग्यच आहे" म्हणत राहिल्या. फोन उलटा ठेवला. मी सुलटा केला.

कुहीहून कुणाच्या तरी हाती तांदूळ आला, छोटी थैली. चिठ्ठी नव्हती.

९ फेब्रुवारी

बरेच दिवस गेलोच नाही. पुस्तक नाही तर काय म्हणून जायचं? वैभवसोबत उमरेडच्या दोन खेपा केल्या. बर्डीवरची माझी जागा दुसऱ्याने घेतली, तो चष्मे विकून राहिला आहे. आई म्हणाली, "त्या बाईकडे कोणी जात असंन काय गा?" म्हटलं, माहीत नाही. "मंग जाऊन पाह्य ना."

गेलो. बेल वाजवली.

"पार्सल?" आतून आवाज आला, इतक्या लगबगीने.

"नाही बाई. मी."

दार उघडलं. माझ्या डाव्या कानाकडे पाहून हसल्या. "त्या भिंगाने चंद्र पाहिला," म्हणाल्या. "विहिरी नाहीत. डब्यावर खोटं लिहिलं होतं."

मग खुर्चीत बसल्या. वाटी चाचपून पाचही चिंचोके मुठीत घेतले. "वाच."

"काय वाचू? पुस्तक नाही."

"माहीत आहे. मुलगी ढिगाऱ्याआड बसली आहे, साल चिकटत नाही. आई दारात आहे. पुढे?"

माझे हात पुस्तक धरल्यासारखे वर आले होते. तसेच राहू दिले. म्हटलं, "मग मुलगी उठली, घरी गेली, अन् आईले सारं खरं खरं सांगून टाकलं."

टुक.

"खाली टेम्पो उभा आहे का?" बाईंनी विचारलं.

नव्हता. मी परत मागे गेलो, बाजारात. मुलगी तिथेच होती, मांडीवर सालं घेऊन. तिच्याजवळ बसलो. हातांचा वास कसा येतो ते पाहिलं. अडत्या अंधारात कोणता ढीग कोणाचा ते विसरला होता. हमाल बिड्या पेटवून एकमेकांचे चेहरे पाहत होते. घाई केली नाही.

बोलता बोलता बाल्कनीतलं ऊन गेलं. इथेही संध्याकाळ झाली, आपल्या वेळेची. वाटी गप्प होती. बाईंच्या मुठीत चार. मी सवयीने दिवा लावायला उठलो, बटणापर्यंत हात नेला, आणि मग परत येऊन बसलो. त्या वाचनाला दिवा लागत नव्हता. दोघांनाही.